सरंजामाचे सार्वभौमत्व कसे झाले? आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वसाहती वारशावरील आक्षेप

कायद्याच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला असा प्रश्न विचारला आहे : आंतरराष्ट्रीय कायदा वसाहतवाद्यांनी आपल्या सोयीसाठी घडवला, असे आशिया-आफ्रिकेतील देश स्वातंत्र्यापासून म्हणत आले आहेत, पण तंटा सीमेचा असो की समुद्राचा, दाद मागायला ते त्याच कायद्याकडे आणि हेगच्या त्याच न्यायालयाकडे जातात. ही विसंगती नाही का? आणि साम्राज्ये लयाला जाऊन इतकी वर्षे लोटल्यावर या टीकेत जुन्या तक्रारीखेरीज काही उरले आहे का?

या क्षेत्रातील माझी बरीच वर्षे सरकारी उपक्रमांच्या वतीने लवादांपुढे उभे राहण्यात गेली आणि काही वर्षे अध्यापनात गेली. त्यामुळे मी सिद्धांतापासून आरंभ न करता कागदांपासून करतो. आंतरराष्ट्रीय कायदा युरोपातून आला, एवढाच आक्षेप असता तर त्यात फारसे बळ नसते, कारण प्रत्येक कायदा कुठून ना कुठून आलेला असतो. खरा आक्षेप असा आहे की या कायद्याने वसाहतीतील राज्यकर्त्यांची सही त्यांच्याकडून काही घ्यायचे असताना ग्राह्य धरली आणि त्याच सहीच्या बळावर ते काही मागू लागले तेव्हा ती बाजूला सारली. ही पद्धत पुराव्याच्या, मौनाच्या आणि मान्यतेच्या नियमांतून आजही टिकून आहे. ती पाहायला फार लांब जावे लागत नाही. पुण्यात झालेला एक तह पुरेसा आहे.

१७ डिसेंबर १७७९ च्या या तहाने पेशव्यांच्या सरकारने पोर्तुगिजांना दमणच्या बाजूला १२,००० रुपये वसुलाचा मुलूख लावून देण्याचे कबूल केले, आणि पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी त्यासाठी गावे नेमून दिली. दादरा आणि नगरहवेली या नावांनी आपण ओळखतो तो हाच प्रदेश. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये गोव्यातील आणि महाराष्ट्रातील स्वयंसेवकांनी तो पोर्तुगिजांच्या ताब्यातून सोडवला. संगीतकार सुधीर फडके त्या मोहिमेत होते, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. भारताने दमणहून या गावांकडे जाणारी पोर्तुगिजांची वाट बंद केली. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाची अधिकारिता स्वीकारल्याचे घोषणापत्र दिले आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा दाखल केला. मागणी अशी होती की भारताच्या भूमीवरून या गावांपर्यंत जाण्याचा, शस्त्रसज्ज दल नेण्यासह, आपला हक्क मान्य व्हावा. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे राहिले आणि भारताने नेमलेले तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते, न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले महंमद करीम छागला.

१२ एप्रिल १९६० च्या निकालाचा पहिला भाग वाचताना मराठी वाचकाला समाधान वाटेल. अठराव्या शतकातील तहाची वैधता आजच्या पद्धतींनी जोखता येणार नाही आणि खुद्द मराठ्यांनी हा तह बंधनकारक मानला होता, असे म्हणून न्यायालयाने तह वैध ठरवला. पण त्याने पोर्तुगिजांना सार्वभौमत्व दिले, हे म्हणणे मात्र मान्य केले नाही. मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा ते तशी स्पष्ट भाषा वापरत, तशी भाषा इथे नाही. इथे दिला आहे तो केवळ वसुलाचा हक्क, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम, असे न्यायालयाने म्हटले. सरंजाम म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही. सरकारने मर्जीने लावून दिलेले आणि मर्जीने काढून घेता येणारे उत्पन्न म्हणजे सरंजाम. हेगच्या न्यायासनाने मराठी राज्यव्यवहारातील एक शब्द त्याच्या मूळ अर्थाने वाचला, ही लहान गोष्ट नव्हे.

यापुढचा परिच्छेद मी विद्यार्थ्यांना नेहमी दोनदा वाचायला लावतो. मराठ्यांची सत्ता जाऊन इंग्रज आले तेव्हा या गावांवर पोर्तुगीज पूर्ण आणि अनन्य कारभार चालवत असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी ती स्थिती आहे तशी स्वीकारली, तिला कधी आव्हान दिले नाही. म्हणून पोर्तुगिजांचे सार्वभौमत्व इंग्रजांनी प्रत्यक्षात आणि ध्वनितार्थाने मान्य केले, आणि पुढे भारतानेही ते मौनाने मान्य केले, असा न्यायालयाचा निष्कर्ष आहे. मराठ्यांनी जे दिले नव्हते ते पोर्तुगिजांना इंग्रजांच्या गप्प राहण्यामुळे मिळाले. गावे लावून देणारा धनी तोवर नाहीसा झाला होता आणि त्या गावांत राहणारी वारली, कोकणा, धोडिया माणसे या हिशेबात कुठेच नव्हती. एका वसाहतवादी सत्तेने दुसरीच्या कब्जाकडे पाहून काही न बोलणे, एवढ्यावर सरंजामाचे सार्वभौमत्व झाले.

वाटेच्या हक्काचा निर्णयही याच धाटणीचा आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात जी वहिवाट चालली, तिच्यातून दोन राज्यांपुरती स्थानिक रूढी तयार झाली आणि ती स्वतंत्र भारतावरही बंधनकारक आहे, असे न्यायालयाने ठरवले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यासाठी पोर्तुगालला वाट होती, हे ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यासाठी नव्हती, हे ८ विरुद्ध ७ अशा निसटत्या मतांनी. आणि १९५४ मध्ये भारताने आपल्या बंधनाचा भंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. म्हणजे व्यवहारात भारत हरला नाही. परंतु अर्जेंटिनाचे न्यायाधीश मोरेनो किंताना यांनी भिन्नमतात नोंदवले ते मर्माचे होते : वसाहती व्यवस्था टिकवून धरणारा हा दावा निःसंदिग्ध पुराव्यावाचून उचलून धरणे म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेविरुद्ध जाणे होय. छागला यांचे भिन्नमतही मूळातून वाचण्यासारखे आहे.

या निकालाच्या शेजारी १९२८ चा पाल्मास बेटाचा निवाडा ठेवून वाचावा. फिलिपिन्समधील मिंदानाओजवळच्या त्या बेटावर अमेरिका आणि नेदरलँड्स दोघेही हक्क सांगत होते, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने स्थानिक राजांशी केलेले करार हा डचांचा एक महत्त्वाचा आधार होता. एकमेव लवाद मॅक्स ह्यूबर यांनी सांगितले की राष्ट्रसमुदायाचे सदस्य म्हणून मान्यता नसलेल्या अशा राजांशी झालेले करार आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने तह ठरत नाहीत. तरीही त्यांचा अप्रत्यक्ष परिणाम होतो. परिणाम काय, तर त्या करारांतून डचांची सत्ता सिद्ध होते. राजाची सही त्याला पक्षकार बनवण्याइतकी वजनदार नव्हती, पण त्याचा मुलूख दुसऱ्याचा आहे हे दाखवण्याइतकी मात्र होती. एखादी घटना तिच्या काळच्या कायद्याच्या प्रकाशात पाहावी, हे आजही रोज उद्धृत होणारे तत्त्व याच निवाड्यातून आले. ऐकायला ते निष्पक्ष वाटते. पण ज्या काळी कायदाच जिंकणाऱ्याचा होता, त्या काळचा कायदा लावायचा म्हटले की जिंकणाऱ्याचे म्हणणे नियम म्हणून परत येते, ही विकसनशील देशांच्या कायदेपंडितांची जुनी तक्रार आहे आणि ती मला पटते.

समुद्राबाबतही असेच झाले. हिंदी महासागरात पोर्तुगीज आपले परवाने घ्यायला लावत. ते न घेणारे जहाज लुटले जाई. या मक्तेदारीविरुद्ध डच कायदेपंडित ग्रोशियसने १६०९ मध्ये मुक्त समुद्राचा सिद्धांत मांडला, त्यामागे डच कंपनीने एक पोर्तुगीज जहाज पकडल्याचे प्रकरण होते. पुढे कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक घेण्याची सक्ती केली तेव्हा इंग्रजांनी त्यांना समुद्री लुटारू ठरवले. परवाना तोच, समुद्र तोच. देणारा बदलला की शब्द बदलत होता.

आता गोव्याकडे येतो, कारण तिथे हा आक्षेप आपल्यालाही तपासायला लावतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताची बाजू मांडताना आपल्या प्रतिनिधींनी सांगितले की गोवा भारताचाच भाग आहे, आणि स्वतःच्या भूमीवर कोणी आक्रमण करत नाही. भारताने सैन्य मागे घ्यावे, असा ठराव ७ विरुद्ध ४ मतांवर आला आणि सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. विरोधात सोव्हिएत संघाबरोबर सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त) होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आशिया-आफ्रिकेने त्या दिवशी सनदेचा वेगळा अर्थ लावला होता. माझ्या मते 'आमचीच भूमी' हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने कच्चा होता, कारण उद्या कोणताही शेजारी नकाशा पुढे करून तोच युक्तिवाद करू शकतो. आपली भक्कम बाजू दुसरीच होती. १४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८९ विरुद्ध ० मतांनी वसाहतींना स्वातंत्र्य देण्याबाबतचे घोषणापत्र संमत केले होते. तटस्थ राहिलेल्या ९ देशांत पोर्तुगाल होता, आणि ब्रिटन, फ्रान्स व अमेरिकाही होते. दुसऱ्याच दिवशीच्या ठरावात पोर्तुगालच्या परतंत्र प्रदेशांच्या यादीत गोव्याचे नाव आले. सालाझार सरकारने गोवा हा पोर्तुगालचा प्रांत असल्याचे सांगत ही यादी धुडकावली, आणि वाटाघाटीचा मार्ग त्यानेच बंद केला. यावर भर दिला असता तर भारताचे म्हणणे इतर वसाहतींच्या लढ्यांनाही अधिक उपयोगी पडले असते. लिस्बनमधील सत्तांतरानंतर पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगरहवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि तो वाद मिटला.

गोवेकरांच्या कायदेशीर हक्कांचे काय झाले, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि तिची सुरुवात तंजावरला होते. तंजावरचे भोसले घराण्यातील राजे शिवाजी १८५५ मध्ये पुत्र नसताना वारले. ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले आणि त्याबरोबर राजघराण्याची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि त्या जिंकल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील शेवटच्या अपील न्यायासनाने, तो निकाल फिरवला. राज्याराज्यांतील व्यवहार देशांतर्गत न्यायालयांच्या कक्षेत येत नाहीत, कंपनीने केले ते राज्यकृत्य होते, ते न्याय्य होते की अन्याय्य हे सांगण्याचा न्यायालयाला अधिकार नाही, असे तो निकाल म्हणतो. घेताना कंपनी सार्वभौम होती आणि राणी एका परक्या राज्याची होती. दाद मागताना मात्र राणीला कंपनीच्याच प्रदेशातील न्यायालय होते आणि त्याने दार लावून घेतले.

हा सिद्धांत स्वतंत्र भारताने टाकून द्यायला हवा होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने त्या दिशेने पाऊल टाकलेही. पण संस्थानिकांनी दिलेल्या हक्कांच्या खटल्यात १९६४ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने राज्यकृत्याचा सिद्धांत कायम ठेवला. १९६९ मध्ये गोवा जिंकून घेऊन विलीन केलेला प्रदेश असल्याचे न्यायालयाने म्हटले. आणि १९८१ मध्ये गोव्यातील खाणीच्या एका प्रकरणात असे ठरले की पोर्तुगीज राजवटीत मिळालेले हक्क नव्या सार्वभौमाने मान्य केल्याखेरीज त्याच्या न्यायालयात चालत नाहीत. खाणमालकांविषयी मला इथे काही म्हणायचे नाही. १९८७ च्या कायद्याने त्या परवान्यांचे रूपांतर भाडेपट्ट्यांत झाले आणि तो वेगळाच विषय आहे. मला खटकते ते असे की सुरक्षा परिषदेत आपण 'ही मुक्ती आहे, विजय नाही' असे सांगितले, आणि घरच्या न्यायालयात सरकारच्या सोयीसाठी 'हा विजय आहे' असे मांडले. तंजावरच्या राणीला ज्या तत्त्वाने परत पाठवले, तेच तत्त्व आपण आपल्या नागरिकांवर लावले. वसाहती वारशाविषयी बोलताना हा भाग गाळणारा माणूस अर्धेच बोलतो.

विसंगतीच्या प्रश्नाला यानंतर उत्तर देणे सोपे जाते. कोकणात खोतांच्या अमलात लिहिले गेलेले कागद कुळांच्या विरुद्ध होते, हे सर्वांना माहीत होते. तरी १९४९ मध्ये खोती रद्द करण्याचा कायदा झाल्यावर कुळे मामलेदाराकडे गेली ती तेच उतारे घेऊन. नोंद चुकीची आहे असे म्हणण्यासाठी आधी ती नोंद पुढे ठेवावी लागते आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार असलेल्या कचेरीतच जावे लागते. नव्या राष्ट्रांचे तसेच झाले. रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याला ज्यांचा सुरुवातीपासून विरोध होता त्यांना तो लागू होत नाही, अशी सवलत कायदा देतो. पण नियम घडत असताना जे राष्ट्र म्हणून अस्तित्वातच नव्हते त्यांनी विरोध नोंदवायचा कुठे? जन्मतः सारे नियम लागू, अशी त्यांची स्थिती होती. कायदा झुगारला तर सीमा, समुद्र आणि सदस्यत्वही गेले असते, म्हणून त्यांनी तो आतून दुरुस्त करण्याचा मार्ग धरला.

तो मार्ग किती खडतर होता हे १९६६ ने दाखवले. दक्षिण-पश्चिम आफ्रिकेत (आजच्या नामिबियात) वर्णभेद लादणाऱ्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इथिओपिया आणि लायबेरिया यांनी १९६० मध्ये दावा लावला होता. १९६२ मध्ये न्यायालयाने अधिकारिता मान्य केली, आणि चार वर्षांनी ७-७ अशी समान मते पडल्यावर अध्यक्ष सर पर्सी स्पेंडर यांच्या निर्णायक मताने, दावेदारांचा यात कायदेशीर हितसंबंध सिद्ध होत नाही, असे म्हणून दावा फेटाळला. सहा वर्षे खटला चालवून असा शेवट झाल्यावर आफ्रिकेचा या न्यायालयावरील विश्वास किती उडाला असेल, याची कल्पना करता येते. त्याच वर्षी आमसभेने दक्षिण आफ्रिकेचा तेथील अधिकार संपुष्टात आणला, पुढे न्यायाधीशांच्या निवडीत आशिया-आफ्रिकेचे प्रमाण वाढले आणि १९७१ च्या सल्लागार मतात न्यायालयाने नामिबियातील दक्षिण आफ्रिकेचे अस्तित्व बेकायदेशीर ठरवले. २५ फेब्रुवारी २०१९ चे चागोसविषयीचे मत त्याच परंपरेतले आहे. स्वातंत्र्य देण्यापूर्वी, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली आणि तेथील लोकांना बाहेर काढून दिएगो गार्सियाचा तळ अमेरिकेला दिला. मॉरिशसच्या नेत्यांनी संमती दिली होती, असे ब्रिटनचे म्हणणे होते. वसाहतीच्या प्रतिनिधींनी वसाहत असतानाच दिलेली ती संमती लोकांच्या खऱ्या इच्छेची द्योतक मानता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि १३ विरुद्ध १ मतांनी ब्रिटनने तेथील कारभार लवकरात लवकर संपवावा, असे मत दिले. भारताने या प्रकरणात मॉरिशसची बाजू घेतली होती. १९६० मध्ये मौनाची मान्यता झाली होती. २०१९ मध्ये न्यायालय संमतीच्या आत डोकावले. हा फरक आपोआप पडला नाही. तरीही मे २०२५ मध्ये ब्रिटन व मॉरिशस यांनी सही केलेल्या करारात आम्हाला कोणी विचारले नाही, ही अनेक चागोसवासीयांची तक्रार उरतेच. राष्ट्र परत मिळाले म्हणजे त्यातल्या माणसांना विचारले गेले असे होत नाही.

आता दुसरा प्रश्न, की आज काय उरले आहे. माझ्या अनुभवात हा वारसा आज सर्वांत ठळक दिसतो तो परकीय गुंतवणुकीच्या कायद्यात. १९५१ मध्ये अबू धाबीचे शेख आणि एक तेल कंपनी यांच्यातील लवादात लॉर्ड अॅस्क्विथ यांना कोणता कायदा लावायचा हे ठरवायचे होते. करार अबू धाबीत झाला होता आणि तिथेच पार पडायचा होता, त्यामुळे तिथलाच कायदा लागू होतो, हे त्यांना मान्य होते. पण या अतिशय आदिम प्रदेशात आधुनिक व्यापारी दस्तऐवजांचा अर्थ लावण्याजोगी स्थिर तत्त्वे असतील ही कल्पनाच व्यर्थ आहे, असे लिहून त्यांनी तो कायदा बाजूला ठेवला आणि सर्व सुसंस्कृत राष्ट्रांना समान अशी तत्त्वे म्हणून जी लावली त्यांचा पाया इंग्लिश कायद्यात होता. इस्लामी करारशास्त्राचा शेकडो वर्षांचा ग्रंथव्यवहार त्यांच्या दृष्टीने नव्हताच. पुढच्या अनेक तेल लवादांत हीच वाट मळली.

नव्या राष्ट्रांनी याला दिलेले उत्तर आमसभेत उमटले : १९६२ मध्ये नैसर्गिक साधनसंपत्तीवरील कायम सार्वभौमत्वाचा ठराव आणि डिसेंबर १९७४ मध्ये राष्ट्रांच्या आर्थिक हक्क-कर्तव्यांची सनद, जी १२० विरुद्ध ६ मतांनी संमत झाली. राष्ट्रीयीकरणाचा मोबदला राष्ट्राने आपल्या कायद्यानुसार ठरवावा, हा तिचा गाभा. पण विरोधातील ६ मतांत अमेरिका, ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी होते, म्हणजे भांडवल तिथे होते, आणि लवादांनी ही सनद बंधनकारक मानली नाही. दरम्यान दुसरीकडे द्विपक्षीय गुंतवणूक करारांचे जाळे विणले जात होते. बहुमताने जे मिळवले ते एकेका देशाने एकेकट्याने सह्या करत सोडून दिले. यात दोष केवळ बाहेरच्यांचा नाही. कर्जाच्या ओझ्याखाली परकीय भांडवल हवे असलेल्या सरकारांनी करारांचे मसुदे पुरेसे वाचलेही नाहीत, हे मी जवळून पाहिले आहे.

महाराष्ट्राने याची किंमत दाभोळला मोजली. गुहागरच्या किनाऱ्यावरील एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचा खरेदी करार डिसेंबर १९९३ चा. १९९५ मध्ये तो रद्द झाला, पुढच्या वर्षी फेरवाटाघाटींनंतर पुन्हा सुरू झाला, आणि २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने महाग वीज घेणे थांबवले. प्रकल्पातील कंपन्या अमेरिकी होत्या आणि अमेरिकेशी भारताचा गुंतवणूक करार नव्हता. म्हणून जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी मॉरिशसमधील आपल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस कराराखाली लवाद मागितला. २००५ मध्ये तडजोडीने ते प्रकरण मिटले, पण एका राज्याच्या वीजदराचा राजकीय प्रश्न अशा व्यासपीठावर गेला जिथे वीजबिल भरणारा ग्राहक पक्षकार नव्हता, आणि ज्या देशाच्या नावाने दावा चालला त्या देशाचा या प्रकल्पाशी पत्त्यापुरता संबंध होता.

कोळसा खाणीच्या कंत्राटातून निघालेल्या व्हाइट इंडस्ट्रीजच्या प्रकरणात तर २०११ मध्ये भारत हरला. कोल इंडियाविरुद्ध मिळालेल्या निवाड्याची अंमलबजावणी भारतीय न्यायालयांत नऊ वर्षे रखडली होती. भारत-ऑस्ट्रेलिया करारात उपयुक्त कलम नव्हते, तेव्हा लवादाने परमानुग्रहित राष्ट्राच्या कलमातून (दुसऱ्या देशाला दिलेली सवलत यालाही मिळावी, असे सांगणाऱ्या) भारत-कुवेत करारातील 'प्रभावी साधनांची' हमी आयात केली आणि सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई दिली. इथे मला दोन गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात. दिरंगाई खरी होती आणि तिची झळ भारतातील लाखो सामान्य पक्षकारांना रोज बसते. पण त्या दिरंगाईबद्दल दिल्ली-कोलकात्याच्या रांगेतून उचलून वेगळ्या दारात नेण्याची सोय फक्त परदेशी पक्षकाराला आहे. एकोणिसाव्या शतकात चीन, सयाम आणि उस्मानी साम्राज्यात युरोपीय माणसासाठी स्वतंत्र न्यायालये होती. आजच्या व्यवस्थेची तुलना तिच्याशी केली की माझे काही सहकारी नाराज होतात, पण परक्यासाठी वेगळे दार हे साम्य मला नाकारता येत नाही.

त्यानंतर भारताने डिसेंबर २०१५ मध्ये नवा नमुना करार मंजूर केला. त्यात परमानुग्रहित राष्ट्राचे कलम नाही, करआकारणी वगळलेली आहे, आणि लवादाकडे जाण्यापूर्वी गुंतवणूकदाराने पाच वर्षे भारतीय उपायांचा प्रयत्न करायचा आहे. बहुतेक जुने करार संपवण्याच्या नोटिसाही दिल्या गेल्या. २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात मात्र ही मुदत तीन वर्षांवर आली. भारतीय कंपन्या आता आफ्रिकेत खाणी आणि जमिनी घेतात, त्यांना तिथे संरक्षण हवे असते, आणि आपली भूमिका हळूहळू सरकते आहे. आफ्रिकेतील सरकारांशी आपण करार करतो तेव्हा दाभोळच्या वेळी आपण काय म्हणत होतो ते आपल्याच मसुद्यांत लिहिलेले असावे, असा माझा आग्रह आहे. तसे झाले नाही तर आपली टीका फक्त दुर्बळ असतानाची टीका ठरेल.

भाषेची गोष्टही राहिली आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील ३८ व्या कलमात आजही 'सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेली सामान्य तत्त्वे' असा शब्दप्रयोग आहे. लेबनॉनचे न्यायाधीश अम्मून यांनी १९६९ मध्येच त्यावर आक्षेप घेतला होता. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २०२३ मध्ये सामान्य तत्त्वांविषयीच्या आपल्या मसुद्यात त्या जागी 'राष्ट्रसमुदाय' हा शब्द घातला. संविधी मात्र तशीच आहे, कारण तिच्या दुरुस्तीला सुरक्षा परिषदेच्या पाचही स्थायी सदस्यांची संमती लागते.

तुम्ही प्रबंधासाठी विषय शोधत असल्याचे लिहिले आहे. १९६० चा निकाल आणि छागलांचे भिन्नमत आधी वाचा, मग पेशवे दफ्तरात जा आणि सरंजामाच्या त्या काळच्या सनदांत मुलूख 'देणे' आणि वसूल 'लावून देणे' यांसाठी कोणकोणते शब्द येतात ते मोडीतून स्वतः काढा. त्या खटल्यात तहाचा कोणता मजकूर प्रमाण मानायचा, यावरही वाद झाला होता. मराठी राज्यव्यवहाराचा अर्थ तेव्हा भाषांतरांवरून ठरला. मूळ कागद वाचू शकणारी आणि आंतरराष्ट्रीय कायदाही जाणणारी माणसे अजून फार थोडी आहेत, आणि सागरी हद्दींच्या, बेटांच्या व सीमांच्या तंट्यांत असे जुने कागद पुढेही निघणार आहेत.